घालणाऱ्याची सही

मंगळवार उजाडला की माझं डोकं तापायचं. मंगळवारी बरोबर अकरा वाजता जिन्यावर काठीचा आवाज यायचा आणि वरच्या मजल्यावरून कलमकाका खाली उतरायचे. उतरायचे ते थेट माझ्या कपडे बेतायच्या टेबलाशी. "बाई, मापवही," एवढंच म्हणायचे. कशा आहात नाही, बरं आहे का नाही. वही घेऊन खिडकीपाशी बसायचे आणि एकेक पान असं वाचायचे, जसं काही मी त्यांच्या घरातला दागिनाच पळवलाय.

ही भानगड आधी समजावून सांगते, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आमची इमारत दुमजली. खाली संस्था, वर ट्रस्ट. लोकांना वाटतं दोन्ही एकच, कारण दारावरची पाटी एकच आहे. पण हे जावाजावांसारखं आहे. घर एक, चुली दोन.

खालची संस्था म्हणजे आम्ही. मापं घेणारी आणि कपडे बेतणारी मी, म्हणून कुणी मला मास्तरीणबाई म्हणतं. एकशे चाळीस सभासद, अकरा मशीनं, चहाची एक मोठी किटली आणि भांडणं विचारू नका. ज्यांना बाजारातले कपडे घालता येत नाहीत, त्यांचे कपडे आम्ही शिवतो. कुणाचा हात वर जात नाही, कुणी खुर्चीतून उठू शकत नाही, कुणी अंथरुणातच असतं. त्यांचा शर्ट पाठीकडून उघडतो, पँट बाजूने उघडते, बटणाच्या जागी लोहचुंबक असतं. काय शिवायचं आणि कसं, ते सभासद ठरवतात. वर्षातून एकदा सभा, हात वर, ठराव पास. उद्या सगळ्यांनी मिळून उशा शिवायच्या म्हटलं, तर परवापासून उशा. संस्था जिवंत माणसांची असते, त्यामुळे तिचं मन बदलतं.

वरचा ट्रस्ट म्हणजे एक खोली, एक कपाट आणि तीन विश्वस्त. इमारत त्यांची, मशीनं त्यांची, माझं टेबलसुद्धा त्यांचं. नावावर त्यांच्या, पण त्यातला एक खिळा घरी न्यायची सोय नाही. हे सगळं एका बटणवाल्याने ठेवून दिलेलं. हा माणूस बटणांचा मोठा व्यापारी आणि ही इमारत म्हणजे त्याचं गोदाम. शेवटी शेवटी त्याच्या बायकोची बोटं आखडली आणि तिला स्वतःचं एक बटण लावता येईना. गावभर बटणं पुरवणारा माणूस, आणि घरात बायको बटणापायी रडतेय! ती गेल्यावर त्याने गोदाम रिकामं केलं आणि विश्वस्तपत्र लिहिलं. या जागेत अशाच लोकांचे कपडे शिवावेत. प्रत्येक कपडा घालणाऱ्याच्याच मापाचा असावा. आणि तिसरं कलम असं, की माप घेताना घालणाऱ्याला काय हवं ते विचारावं, आणि विचारल्याची त्याची स्वतःची सही वहीत घ्यावी.

बटणवाला जाऊन चाळीस वर्षं झाली, पण कागद तोच. त्यात काना-मात्रा बदलायची विश्वस्तांना मुभा नाही. त्यांच्याकडे हात वर नाही की ठराव नाही. गेलेल्या माणसाने शब्द टाकलाय आणि ही तीन माणसं तो राखत बसलीत, झालं. त्यातले दोघे वर्षातून चार वेळा येतात आणि चहा पिऊन जातात. तिसरे कलमकाका. शाळा तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, एकटा जीव, दर वाक्याला एक कलम. हे नाव मीच ठेवलेलं. तोंडावर मात्र नुसतं काका.

एकदा तर त्यांनी कहरच केला. आमचा एक रेडिओवाला आहे. तरुणपणी पाठीचा कणा मोडला, आता उजव्या हाताची दोन बोटं तेवढी हलतात. छातीवरच्या डाव्या खिशात छोटा रेडिओ, कानात वायर, आणि ती दोन बोटं सदान्‌कदा रेडिओच्या चकतीवर. जगात कुठे खुट्ट झालं की त्याला आधी कळतं आणि त्याच्याकडून आपल्याला, ऐकायचं असो नसो. त्याचं माप घेऊन मी आले. वहीत सही म्हणून त्याचा ठिपका होता. कलमकाकांनी चष्मा कपाळावर चढवला आणि वही नाकाशी धरली.

"बाई, हा ठिपका त्यांचा नाही."

"म्हणजे?"

"त्यांचा ठिपका डावीकडे ओघळतो. हा गोल आहे. दुसऱ्या कुणीतरी केलाय."

केला होता. त्याच्या बहिणीने केला होता, मला घाई होती म्हणून. मी म्हटलं, "अहो काका, एका ठिपक्याने काय आभाळ कोसळणार आहे? शर्ट त्याच्याच अंगावर जाणार ना?"

"कलम तिसरं. घालणाऱ्याची स्वतःची सही."

भर उन्हात परत गेले. गावाच्या दुसऱ्या टोकाला, दोन बस बदलून, एका ठिपक्यासाठी! जाताना आणि येताना कलमकाकांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माझ्या शेजारची बाई मागच्या सीटवर जाऊन बसली, म्हणजे तोंडातल्या तोंडात नसणार ते.

आता माझी भाची. बहिणीची मुलगी, शिकायला म्हणून माझ्याकडे आली आणि बहीण गेल्यावर माझीच झाली. पोर भारी हुशार, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं, अरे, हे तर माझ्याच मनात होतं. दोन वर्षांपूर्वी सभासदांनी तिला संस्थेची चिटणीस केलं. मी मत दिलं नाही, सख्खी मावशी म्हणून बाजूला बसले. ती निवडून आल्यावर मात्र घरी जाऊन, दार लावून, मी एकटीच नाचले. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

तर एके दिवशी ही धावत आली. गाल लाल झालेले. एका मोठ्या इस्पितळाला त्यांच्या सगळ्या शाखांमधल्या रुग्णांसाठी झगे हवे होते. वर्षाला आठ हजार. चारच मापं: लहान, मध्यम, मोठं आणि फार मोठं. कुणाच्या घरी जायला नको, टेप लावायला नको.

"मावशी, आपण वर्षाला किती जणांचं शिवतो?"

"अडीचशे. फार तर तीनशे."

"आणि इथे आठ हजार! इस्पितळातले झगे बघितलेस ना तू? मागून सगळी पाठ उघडी. माणूस आजारी पडतो तो पडतो, वर अब्रू जाते. आठ हजार माणसांची अब्रू झाकायची, मावशी. त्यासाठीच आहोत ना आपण?"

काय चुकीचं बोलली? मला पटलं. मला तर भरून आलं. म्हटलं, ही पोर संस्थेला कुठल्या कुठे नेऊन ठेवणार.

दोघी मिळून वर गेलो. कलमकाकांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "या जागेत नाही."

"काका, आठ हजार लोक..." भाची म्हणाली.

"मध्यम नावाचा माणूस मी पाहिलेला नाही. कलम दुसरं, घालणाऱ्याचं माप. कलम तिसरं, त्याला विचारणं. हे झगे कुणाला विचारून शिवणार?"

माझा पारा चढला. "काका, ज्याने लिहिलं तो मातीत गेला! मेलेल्या माणसाच्या कागदासाठी जिवंत माणसांना उघडं ठेवायचं का?"

काका म्हणाले, "बाई, तो जिवंत असता तर मी त्याच्याशी वाद घातला असता. तो नाही, म्हणून शब्द पाळायचा."

भाचीने आवाज अजिबात चढवला नाही. ती माझ्यावर गेलेली नाही, हे बरंच आहे. "मग संस्था दुसरी जागा बघेल, काका. पुढच्या महिन्यात वार्षिक सभा आहे. सभासद ठरवतील."

"ठरवू शकतात," काका म्हणाले. "संस्था सभासदांची आहे. त्यात मी बोट घालणार नाही. इमारत आणि मशीनं मात्र इथेच राहतील."

म्हणजे आता सरळ दोन वाटा झाल्या. संस्था उठून झगे शिवायला गेली, की इथलं माप घेणं संपलं. नव्या जागेत आठ हजारांच्या रगाड्यात घरोघर टेप घेऊन कोण फिरणार? तीनशे लोकांनी मग मध्यम घालायचं नाहीतर मोठं. हे मला कळत नव्हतं असं नाही. कळत होतं. पण आठ हजारांपुढे तीनशे म्हणजे किती, असं मनाशी म्हटलं. आणि खरं सांगू? मंगळवार सुटणार, याचाच आनंद जास्त झाला.

निघताना बघितलं, कलमकाकांच्या शर्टाचं एक बटण भलत्याच काजात गेलेलं, कॉलर एकीकडे वर, एकीकडे खाली. हे गेली दोन वर्षं नेहमीचंच. मी खाली येऊन सगळ्या शिवणाऱ्यांना सांगितलं, "दुसऱ्याचा ठिपका गोल की लांब ते दिसतं, स्वतःच्या छातीवरचं बटण दिसत नाही!" अकराच्या अकरा मशीनं थांबली आणि सगळ्या पोट धरधरून हसल्या.

सभेत दाखवायला नमुन्याचे बारा झगे हवे होते. या इमारतीत कापायला बंदी, म्हणून मी ते घरी जेवणाच्या टेबलावर कापले. भाचीने कुठल्याशा कंपनीचा मापांचा तक्ता आणलेला, त्यावरून. काय शिवले होते म्हणून सांगू! पाठीवर दुहेरी पल्ला, बाजूला बांधायचे बंद, बगलेत कुठे चुणी नाही. तीस वर्षांत इतकं सफाईदार काम माझ्या हातून झालं नसेल. त्यातला एक मध्यम भाचीने रेडिओवाल्याला दिला. म्हणाली, तो सभेत घालून बसेल, लोकांना अंगावरच दिसू दे.

सभा आमच्याच शिवणखोलीत झाली, मशीनं भिंतीला सरकवून. शंभरावर लोक आले. चाकांच्या खुर्च्या पुढे, आम्ही मागे. अगदी शेवटच्या बाकावर कलमकाका, हातात काठी. ते सभासद नाहीत. ज्या छताखाली सभा भरली ते छत त्यांच्या ताब्यातलं, पण सभेत त्यांना तोंड उघडायची सोय नाही.

भाची उभी राहिली आणि अशी बोलली, अशी बोलली, की टाळ्याच टाळ्या. शेजारच्या बाईने मला कोपराने ढोसलं. "तुमचीच ना?" मी म्हटलं, "मग कुणाची?"

मग भाची रेडिओवाल्याजवळ गेली. "दादा, तुम्ही सांगा. झगा कसा आहे?"

"चांगला आहे," तो म्हणाला. "टीप एकदम सरळ. मास्तरीणबाईंच्या हातची, ओळखली मी."

"अंगाला बसतोय ना?"

"बसतोय."

आणि गप्प झाला. हा माणूस दोन शब्दांत गप्प होतो? मला काहीतरी खटकलं. मग लक्षात आलं की सभा सुरू झाल्यापासून याने एकही बातमी सांगितलेली नाही. मी उठून पुढे गेले. कानात वायर नव्हती. रेडिओ त्याच्या बहिणीच्या मांडीवर होता, बंद.

"रेडिओ का काढलास रे?" मी विचारलं.

"खिसा नाही ना," तो म्हणाला. तक्रार म्हणून नाही. आज पाणी येणार नाही, असं सांगावं तसं. "मांडीवर ठेवला तर बोटं पोचत नाहीत. असू द्या, मास्तरीणबाई. आठ हजारांत कुठे खिसे लावत बसणार?"

कुणी माझ्या थोबाडीत मारली असती तरी इतकं लागलं नसतं. वीस वर्षं त्याचे शर्ट मी कापते. डावा खिसा, खांद्यापासून चार बोटं खाली, जरा तिरका, वायरीला एक काज. झोपेतून उठवलं तरी खडूने आखून देईन. आणि या वेळी खिसा मी विसरले असंही नाही. खिशाचा विचारच माझ्या मनात आला नाही, कारण मी त्याला विचारलंच नव्हतं. कपडा बेतताना माझ्या डोळ्यांपुढे तो नव्हताच. तक्ता होता.

मी तिथेच बोलायला लागले. अध्यक्षबाई म्हणाल्या, नाव नोंदवा, पाळी आल्यावर बोला. मी म्हटलं, पाळी गेली खड्ड्यात.

"हा झगा मी शिवलाय," मी म्हटलं. "याच्यासारखी शिलाई कुठे मिळणार नाही, आणि हा साफ वाया गेलेला कपडा आहे. एका माणसाचं जग मी त्याच्या छातीवरून काढून घेतलं आणि वर आपण त्याला विचारतोय, बसतोय ना म्हणून! हा तक्ता कुणाचा? यातलं मध्यम माप कुणाच्या अंगाचं? सांगा ना! कुणाचा एक खांदा खाली असतो, कुणाचा हात खुर्चीवर राहून राहून वाकतो. तो माणूस या तक्त्यात कुठे आहे? माझं मत या ठरावाच्या विरुद्ध. सख्ख्या भाचीच्या विरुद्ध!"

मी भाचीकडे बघितलं. वाटलं, आता हिचं तोंड पडणार, सगळ्यांसमोर मावशीने नाक कापलं. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती माझ्या टेबलावरच्या मापवहीकडे बघत होती.

"मावशी," ती हळू म्हणाली, "आजपर्यंत किती मापं घेतली असतील?"

"इथे? बटणवाल्याच्या काळापासून धरलीस तर दहा-अकरा हजार."

"वह्या कुठायत?"

मला कुठलं माहीत? भरलेली वही दरवर्षी वर जायची, पुढे तिचं काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. तेवढ्यात मागून काठी आपटल्याचा आवाज आला. कलमकाकांनी हात वर केला होता. पंचाहत्तरीचा माणूस, शाळेतल्या पोरासारखा हात वर करून बसलेला. अध्यक्षबाई म्हणाल्या की ते सभासद नाहीत, त्यांना बोलू द्यायचं तर सभेची परवानगी लागेल. मतं घेतली. एकशे सहा हात वर गेले, त्यात माझेच दोन होते म्हणून एकशे पाच धरले.

काका उभे राहिले. "वह्या वर कपाटात आहेत. एकेचाळीस. प्रत्येक माप, प्रत्येकाने काय मागितलं ते, आणि सही. सगळ्या मी तपासलेल्या आहेत."

"काका, त्यावरून मापं बेतता येतील!" भाचीचा आवाज पहिल्यांदा चढला. "चार नाही, चौदा लागू देत. वाकलेल्या खांद्याचं वेगळं, खुर्चीत बसणाऱ्याचं वेगळं. खऱ्या माणसांच्या अंगावरून! आणि खिसा कुठे हवा, बंद कुठे हवेत, हे त्यांनीच सांगून ठेवलंय त्यात!"

"या जागेत शिवता येणार नाहीत," काका म्हणाले. "ते कलम मला हलवता येत नाही. पण या जागेबाहेर संस्थेने काय करावं, हे सांगायचा मला काडीचा अधिकार नाही. झग्यांसाठी वेगळी शेड घ्या, इथलं माप घेणं इथे चालू ठेवा. वह्या मी वाचायला देतो. एकच अट. ज्याचं माप वापराल, त्याला आधी विचारा. तो नसेल, तर त्याच्या घरच्यांना."

"काका!" मी किंचाळलेच. "पुन्हा दोन बस?"

सभा खदखदून हसली. मला त्यात पहिल्यांदाच दिसलं, कलमकाकांना खालचे पुढचे दोन दात नाहीत. म्हणजे त्यांना हसताना मी आधी कधी बघितलेलं नव्हतं.

ठराव बदलून पास झाला. खालच्यांनी हात वर करून नवं काम मिळवलं, वरच्यांनी हात न हलवता जुनं काम वाचवलं. नुसती संस्था असती तर माझं टेबल त्या दिवशी गेलं होतं. नुसता ट्रस्ट असता तर आठ हजार माणसं उघड्या पाठीने बसली असती. हे कळायला मला तीस वर्षं आणि एक खिसा लागला.

पुढचे चार महिने भाची आणि मी वह्या घेऊन फिरलो. दारोदार. तुमचं माप आम्ही दुसऱ्यांसाठी वापरू का? वाटलं होतं लोक वैतागतील. अहो, काय सांगू! चहाशिवाय कुणी सोडेना. एक आजी म्हणाल्या, "माझा पाठीचा बाक कुणाच्या उपयोगाला येणार? घ्या की! सही कुठे करू?" रेडिओवाल्याच्या मापाला शेडमध्ये आता सहा नंबर म्हणतात, त्याला डावा खिसा असतो, आणि तो येईल त्याला सांगतो, "देशभर लोक माझा नंबर घालतायत." देशभर नाही, पण मी दुरुस्त करत नाही. शेडमध्ये घडीला लागलेला पहिला झगा मी हातात घेतला तेव्हा भाची शेजारी उभी होती. मी तिला म्हटलं, "तुझी आई असती ना, तिने आज गाव डोक्यावर घेतलं असतं." तिने माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

आणि मग तो मंगळवार आला. अकरा वाजले, जिन्यावर आवाज नाही. सव्वाअकरा झाले. मी दोनदा घड्याळ बघितलं. एका शिवणारीने विचारलं, "बाई, चैन पडत नाही वाटतं?" मी म्हटलं, "काम कर."

साडेअकराला काठी वाजली, पण जिन्यावर नाही. रस्त्याकडच्या दारातून कलमकाका आत आले. बाकीचे लोक येतात, त्या दारातून. भाची त्यांना कोपराला धरून आणत होती. ते टेबलाशी आले. वही मागितली नाही. नुसते उभे राहिले.

"बाई," ते म्हणाले, "काल मी राजीनामा दिला. आता विश्वस्त नाही."

"का?" माझ्या तोंडून एवढंच निघालं.

"कलम सातवं. विश्वस्ताने ट्रस्टचा कोणताही लाभ स्वतः घेऊ नये." मग त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. इतकी वर्षं हे हात मी वहीमागे बघितले होते, टेबलावर असे कधी नाही. बोटं आखडून आत वळलेली होती. "माझं माप घ्या."

शर्टाचं बटण आजही भलत्याच काजात होतं. मी त्याच्याकडे बघितलं आणि मला माझं ते हसणं आठवलं. जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. घरी एकटा माणूस, रोज सकाळी त्या बटणांशी झटणारा. आणि त्याच्या ट्रस्टच्या खोलीखाली एका जिन्यावर अकरा मशीनं, सगळी त्याच्याच ताब्यातली.

"अहो काका, दोन वर्षं!" मी ओरडलेच. राग आला की मला रडू येतं. "दोन वर्षं झालीत याला! आधी का नाही सोडलंत?"

"सुरुवातीला वाटायचं, जमतंय. मग तुमचा झग्यांचा विषय निघाला." "तेव्हा मी गेलो असतो, तर तिसरं कलम कुणी धरून ठेवलं असतं?"

मी टेप काढली आणि माप घेतलं. खांदा, छाती, बाही, मनगट. मग पेन घेऊन विचारलं, जसं सगळ्यांना विचारते तसं, "काय हवं तुम्हाला?"

"पुढून बटणं दिसली पाहिजेत," ते म्हणाले. "बटणवाल्याच्या ट्रस्टमधून निवृत्त झालेला माणूस आहे मी. लोकांना चुंबक दिसायला नको."

"वर बटणं, आत चुंबक. टक्‌ करून लागेल. कळणारही नाही कुणाला," मी म्हटलं. "बटणं कसली? साधी?"

"शिंपल्याची," काका म्हणाले, आणि जरा लाजले.

सगळं लिहून घेतलं. पान त्यांच्यापुढे सरकवलं. त्यांनी पेन धरायला बघितलं, ते निसटलं. पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. कागदावर एक वाकडी रेघ उमटली. भाचीचं मन मऊ आहे. ती पुढे वाकली. "काका, द्या, मी करते तुमच्या नावाने."

मी वहीवर हात ठेवला.

"चालणार नाही," मी म्हटलं. "कलम तिसरं. घालणाऱ्याची स्वतःची सही."

काकांनी वर बघितलं. डोळ्यांत पाणी होतं आणि ते खालचे दोन नसलेले दात दिसले. मी वही दोन्ही हातांनी घट्ट धरली, टेबलाच्या कडेला टेकवून, जराही हलू न देता. त्यांनी पेन मुठीत पकडलं आणि सही करायला घेतली. किती वेळ लागला ते मी बघितलं नाही. पूर्ण होईपर्यंत धरून ठेवली.